म्हैसूरच्या भजनघराची मापं

राजवाडा बघितलास का, असं विचारणाऱ्यांना आधीच सांगून टाकते: नाही. चार दिवस म्हैसुरात होते, दोनदा राजवाड्याच्या दारावरून रिक्षानं गेले आणि एकदाही आत पाऊल टाकलं नाही. ज्यांना राजवाड्याच्या तिकिटाची रांग आणि फोटो काढायच्या जागा हव्या आहेत, त्यांनी दुसरा ब्लॉग गाठावा. मी गेले होते एक भिंत मोजायला.

सोमवारी सकाळी मामाचा फोन आला. दामूमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, वय अठ्ठ्याहत्तर, म्हैसूरच्या बाजारामागच्या गल्लीत पन्नास वर्षं लोकांचे शर्ट-पँट शिवलेला माणूस. आमचे शिंपी लोक तिथे इतक्या पिढ्यांपासून आहेत की कधी गेले ते कुणालाच सांगता येत नाही. जाताना विठोबा बरोबर नेला आणि त्याच्यासाठी लाकडी खांबांचं एक भजनघर बांधलं. आता त्याचं छप्पर गळतं. समाजातल्या तरुण मंडळींनी ते पाडून मंगल कार्यालय बांधायची परवानगी मागितली आहे. मामानं उलटा अर्ज केला: शहरातल्या जुन्या वास्तूंची यादी करणारी सरकारची एक सल्लागार समिती आहे, तिनं भजनघर यादीत घ्यावं.

"सुमे, अर्ज परत आला गे," मामा म्हणाला. "मापं जुळत नाहीत म्हणतात. शुक्रवारी कमिटी जागा बघायला येते. तिनं नको म्हटलं की संपलं. तू बेगा ये."

बेगा म्हणजे लवकर. मी पुण्यात पस्तीस वर्षं इमारतींचे नकाशे काढले, आणि निवृत्त झाल्यापासून मला कुणी कशाचं माप विचारलं नव्हतं. तीस मीटरची टेप, पॅड, चार पेन्सिली घेतल्या आणि त्याच संध्याकाळची बस पकडली.

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी: पुणे-बेंगळुरू स्लीपर बस ठीक आहे, पण शेवटची सीट घेऊ नका, हाडं खिळखिळी होतात. बेंगळुरूहून म्हैसूरला रेल्वेनंच जा. साधं तिकीट स्वस्त आहे आणि मद्दूर जवळ आलं की वडेवाले डब्यात चढतात. मद्दूर वडा चपटा, कांद्याचा, कडेनं कुरकुरीत असतो. मी दोन घेतले आणि श्रीरंगपट्टणला पोचायच्या आत तिसऱ्यासाठी हळहळत बसले.

मामा सरस्वतीपुरमला राहतो. पेन्शनर, मास्तर आणि विद्यार्थ्यांच्या स्कूटरी यांची ही वस्ती. स्टेशनवरून सिटी बस मिळते, रिक्षावाला मीटरला हात लावत नाही. मी पोचले तेव्हा मामा फाटकातच उभा होता. "जेवतीस का आधी, का जायचं?" मी म्हटलं, जायचं. तो खूश झाला, पण तरी कोपऱ्यावरच्या खानावळीत नेऊन चौचौ भात खायला घातला. एका ताटलीत उपमा आणि शिरा शेजारी शेजारी. गोड आधी की तिखट आधी हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

भजनघर बाजारामागे आहे. मोगऱ्याचे गजरे, विड्याची पानं, नंजनगूडची केळी यांचे ढीग ओलांडून गल्लीत वळलं की दोन पायऱ्या, एक बुटका दरवाजा आणि आत थंडगार अंधार. बारा खांब, वर कौलं, एका कोपऱ्यात पाणी झिरपून हिरवी पडलेली भिंत. विठोबा हातभर उंचीचा. इतक्या साध्या जागेसाठी भांडावं का, असं मला पहिल्या मिनिटाला वाटलं हे कबूल करते. मग खांबाला हात लावला. इतक्या हातांनी तो गुळगुळीत झाला होता की मी लगेच टेप काढली.

लांबी चाळीस फूट. मामाच्या अर्जात बेचाळीस. रुंदी तीस, अर्जात साडेएकतीस. मी परत मोजलं. परत तेच. बेचाळीस धरले तर पुढची भिंत पायऱ्यांसकट रस्त्यावर जात होती, म्हणजे कागदावर आमच्या विठोबानं अतिक्रमण केलं होतं.

"मामा, मोजलंस कशानं?"

त्यानं गळ्यातली कापडी टेप दाखवली. साठ इंची, शिंप्याची. ती जमिनीवर लावायची, खडूनं खूण करायची, पुन्हा पुढे लावायची. प्रत्येक तुकड्याचा आकडा त्यानं वहीत लिहिला होता: पाच फूट तीन इंच, पाच फूट तीन इंच, पाच फूट तीन इंच.

"हे तीन इंच कुठून आले?"

"दोन्ही बाजूला दीड-दीड इंच शिवणीला सोडायला नको का?" असं म्हणता म्हणता तो थांबला. मग स्वतःच्या वहीकडे बघत राहिला.

मी हसले. इतकं हसले की देवासमोर बसावं लागलं. हसायला नको होतं. मामाचे कान लाल झाले होते. "पन्नास वर्षं हात तेच करतोय," तो म्हणाला. "शंभर लोकांसमोर सांगितलं मी, माझी मापं कधी चुकत नाहीत म्हणून." मी माफी मागितली, पण त्या संध्याकाळी त्यानं कॉफीसुद्धा माझ्याकडे पाठ करून प्यायली.

बुधवारी बोगादीला गेलो. शहराच्या पश्चिमेला नवी घरं उठताहेत, तिथे चंद्रम्मा राहतात. समितीच्या कचेरीत त्यांनी सारी नोकरी टायपिस्ट म्हणून काढली. नुसतं नवं माप चालणार नाही, जुन्या नोंदीशी ते जुळलं पाहिजे, असं कचेरीतून सांगितलं होतं. आणि जुनी नोंद कुठे असेल ते सांगू शकेल अशी बाई एकच, असंही. त्या कन्नडमधून बोलत होत्या, मामा मला मराठीत सांगत होता.

संस्थान होतं तोवर देवळं-शिलालेख महाराजांच्या खात्याकडे. मग राज्यांची पुनर्रचना झाली. मुंबई इलाख्याचा, हैदराबादचा, मद्रासचा तुकडा आणि कोडगू एका राज्यात आले, आणि प्रत्येकाबरोबर आपापल्या पद्धतीचे जुन्या वास्तूंचे कागद. मोठी देवळं दिल्लीच्या यादीत गेली, काही राज्याच्या. पण धर्मशाळा, बाजार, मठ, भजनघरं? ती कुणाच्याच यादीत नव्हती. म्हणून ही समिती नेमली. एक निवृत्त इंजिनिअर, एक इतिहासाचे प्राध्यापक, एक छायाचित्रकार. सायकलवरून गल्लोगल्ली फिरून त्यांनी एकेका वास्तूचं कार्ड केलं. अधिकार एकच: सल्ला देणं. सरकारनं ऐकावं किंवा बासनात बांधावं.

"किती वेळा ऐकलं?" मी विचारलं.

चंद्रम्मा हसल्या. त्यांच्या उत्तराचं मामानं भाषांतर केलंच नाही, एवढंच म्हणाला, "तू सुम्ने विचारू नको गे." सुम्ने म्हणजे उगाच. पुढे त्यांनी सांगितलं की मध्ये बरीच वर्षं समिती नावापुरतीच उरली. बैठका नाहीत, माणसं वारली, जागा भरल्या नाहीत. शहर वाढलं, जुन्या इमारती पडायला लागल्या, आणि लोकांनी ओरड केली तेव्हा कुठे तिला पुन्हा जाग आली. मधल्या काळात त्या कार्डांवरची धूळ चंद्रम्मा स्वतः झटकत होत्या. कुणी सांगितलं नव्हतं. मला त्या बाईंच्या पाया पडावंसं वाटलं, आणि मी पडलेही.

"आमच्या भजनघराचं कार्ड असेल?" मी विचारलं. मामानं हा प्रश्न कन्नडमध्ये नेला, पण जरा उशिरा.

चंद्रम्मा आमच्याबरोबर कचेरीत आल्या. जाळीच्या कपाटातून त्यांनी पाच मिनिटांत कार्ड काढलं. फोटो, नकाशा आणि आकडे: चाळीस बाय तीस. मी टाळीच वाजवली. सुटलो! मग दिसलं की कार्डाला टाचणीनं एक पत्र लावलंय. कन्नडमध्ये, हातानं लिहिलेलं. मला एक अक्षर कळेना.

"हे काय आहे?"

चंद्रम्मांनी वाचलं आणि त्या खिडकीकडे वळून बाहेर बघायला लागल्या. मामाला सहज सांगता आलं असतं की पोचपावती आहे. मी मान डोलावली असती. तो खुर्चीत बसला.

"माझं पत्र हाय," तो म्हणाला. "मी समाजाचा सेक्रेटरी होतो तवा. समितीनं लिवलेलं, तुमचं भजनघर जपायला पायजे, यादीत घेतो. मी उत्तर दिलं, बेडा. नको. सरकारला एकदा आत घेतलं की खिळा ठोकायला पण परवानगी काढावी लागते. आमी गरज पडली तर पाडू, नवं बांधू, आमची जागा हाय."

"तुला माहीत होतं हे इथे आहे?"

"हाय असं वाटत होतं. नसावं असं पण वाटत होतं."

मला राग आला. तीनशे कोसांवरून मला बोलावलं आणि हे सांगितलं नाही! पण राग फार टिकला नाही, कारण अडचण समोर दिसत होती. कार्डाशिवाय आमचं माप खरं ठरत नव्हतं. कार्ड पुढे केलं की त्याला टोचलेलं पत्रही पुढे येणार, आणि पाडायला निघालेल्यांना आयताच पुरावा मिळणार: समाजाच्या सेक्रेटरीनंच नको म्हटलंय. मी म्हटलं, आपण फक्त कार्डाची नक्कल मागू. मामा म्हणाला, "नाही. दोन्ही."

गुरुवारी तो घरी नवा अर्ज लिहीत बसला आणि मी मेटगळ्ळीला गेले. कारखान्यांचा भाग आहे, फिरायला जायची जागा नव्हे, पण बसस्टॉपजवळच्या गाड्यावर मिळालेली मल्लिगे इडली, म्हणजे मोगऱ्यासारखी पांढरी, मऊ इडली, मी जन्मात विसरणार नाही. तिथे मामाच्या थोरल्या भावाचा मुलगा, प्रकाश, शाळांचे युनिफॉर्म शिवायचा कारखाना चालवतो. मंगल कार्यालयाचा अर्ज त्याचाच.

"अक्का, मी व्हिलन नाही," त्यानं चहा पुढे करत सांगितलं. त्याचं मराठी तुटक आहे, मधे मधे कन्नड आणि इंग्रजी येतं. "पाऊस आला की बायका छत्री धरून भजन म्हणतात. टॉयलेट नाही. म्हाताऱ्यांना पायरी चढता येत नाही. चिक्कप्पाला हे दिसत नाही का?" चिक्कप्पा म्हणजे काका. मला त्याचं प्रत्येक वाक्य पटलं. तसंच सांगून मी परत आले.

शुक्रवारी सकाळी आताच्या समितीचे तिघे आले. अध्यक्ष एक सडपातळ निवृत्त इंजिनिअर, पायात साध्या चपला. भजनघरात साठेक माणसं बसली होती. मी भिंत मोजून दाखवली. चाळीस. कार्डावर चाळीस. मग मामा उठला. कन्नडमधून बोलायला लागला, आणि मला काही कळत नाही हे बघून शेजारी बसलेला प्रकाशच हळू आवाजात मराठी करून सांगायला लागला.

"तो म्हणतोय, मापं त्याची चुकली. शर्टासारखी घेतली." लोक हसले. मामाही हसला. मग त्यानं खिशातून पत्राची नक्कल काढली आणि वाचायला लागला. प्रकाश सांगत होता, "आमची जागा आहे... गरज पडली तर पाडू... सरकार कशाला पाहिजे..." मग प्रकाश थांबला.

"काय झालं?"

"अक्का, हे माझ्या अर्जात आहे. सेम टू सेम. मी तर हे पत्र बघितलं पण नाही."

मामाचं वाचून झालं होतं. मामाचं पुढचं बोलणं प्रकाशनं सांगितलं ते असं: "मी पंचवीस वर्षांचा होतो. मला वाटलं, आपण पाडू तसं बांधू पण. आज मला खांब धरून उठावं लागतं, तेव्हा कळतं तो खांब काय आहे. माझं 'नको' मी परत घेतो. छप्पर गळतं, प्रकाश खरं बोलतो, त्याला दुरुस्ती द्या, संडास द्या. पण पाडू नका."

अध्यक्षांनी चपला बाहेर काढून ठेवल्या होत्या, ते अनवाणीच हिरव्या भिंतीपर्यंत गेले, नखानं चुना खरवडला आणि प्रकाशला बोलावून कौलांबद्दल काहीतरी विचारलं. दोघे बराच वेळ वर बघत बोलत होते. शेवटी त्यांनी सगळ्यांना स्पष्ट सांगितलं: आम्ही सल्ला देऊ, निर्णय आमच्या हातात नाही.

शनिवारी निघाले. बरोबर म्हैसूर पाक घेतला. तुपात निथळणारा मऊ घ्या, कडक घेऊ नका.

पुण्यात येऊन दोन महिने झाले. टेबलावर बसले की माझे जुने नकाशे आठवतात. पाडायची वास्तू आम्ही तुटक रेषेनं दाखवायचो. अशा किती तुटक रेषा मी काढल्या, आणि त्यातल्या एकाही घरात कधी आत जाऊन उभी राहिले नाही. वाईट वाटतं. कुणाला सांगावं कळत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

काल मामाचा फोन आला. समितीचं पत्र निघालं: भजनघर जपावं, दुरुस्ती आणि शौचालयाला हरकत नाही. प्रकाशनं अर्ज मागे घेतलेला नाही, पण कौलं बदलायला माणूस बोलावलाय. सरकारची फाईल वर गेली आहे, कधी खाली येईल ते कुणालाच ठाऊक नाही.

"म्हणजे पाडतील की नाही?" मी विचारलं.

"कोण सांगणार गे? नुसता सल्ला हाय," मामा म्हणाला. "पण आता कुणी पाडायला आलं, तर माझं 'नको' दाखवून पाडता येणार नाही."