दाण्यांचं कडं

प्रयोगशाळेत तिला सगळे भिंगरीच म्हणत, कारण एका जागी बसणं तिला ठाऊकच नव्हतं. नाव तिथल्या प्रमुख सरांनी पाडलेलं, म्हणून तीही ते मिरवायची.

सरांनी उमेदीच्या काळात एक रिअ‍ॅक्टर बनवला होता. दाण्यांवर हवेची प्रक्रिया करायचं यंत्र, मोठ्या पातेल्याएवढं, समोरून काचेचं. बाजूच्या फटींतून हवा तिरकी आत शिरायची आणि तिच्या जोरावर बारीक दाणे गरगर फिरायचे, भिंतीलगत त्यांचं कडं धरायचं. दाण्यांमधून वाट काढत हवा मधल्या नळीने बाहेर पडायची. सर निवृत्त झाले आणि एका कारखान्याला तेच यंत्र माणसाच्या उंचीचं हवं झालं. काम भिंगरीच्या गळ्यात पडलं. आधी संगणकावर चालवून बघायचं, मगच पत्र्याला हात लावायचा, असं ठरलं.

सरांची नजर तोवर गेल्यातच जमा होती. तरी रविवारी दुपारी ती लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे जायची आणि पडद्यावरचं सगळं त्यांना सांगायची. इथे लाल, तिथे निळं, असं सुरू केलं की सर थांबवत. "रंग राहू देत. दाणे काय करतायत ते सांग."

एका रविवारी मात्र तिचे पाय जिन्यातच अडखळले. सरांची मापं तिने सारख्या प्रमाणात वाढवली होती, आणि काही केल्या कडं धरत नव्हतं. दार उघडणाऱ्या काकूंनी, सरांच्या बायकोने, तिचा चेहरा पाहिला आणि हळूच बजावलं, "गोड बोलून काही लपवायला जाऊ नकोस, त्यांना आवाजावरून कळतं. माझं दुखणंखुपणंही असंच पकडतात."

तिने सांगून टाकलं. दोन फटींच्या मधे दाणे सुस्तावतात, कडं तुटतं, बरेचसे नळीतून उडून जातात.

सर म्हणाले, "फटी किती ठेवल्यास?"

"आठ."

"माझ्या आठ होत्या म्हणून?"

तिने मान हलवली. त्यांना दिसत नाही हे आठवून म्हणाली, "हो."

सरांना हसू फुटलं. "वेडी आहेस. मला तेव्हा तेवढ्याच धड कापता आल्या गं."

त्यानंतर तिने हात आखडता घेतला नाही. फटी वाढवल्या, अरुंद केल्या. घेर मोठा झाला की त्याच वेगाला दाणे भिंतीवर तितके दाबले जात नाहीत, म्हणून हवेचा वेग वाढवला. एकेक हिशोब करताना संगणक दिवसच्या दिवस घ्यायचा आणि ती त्याच्यावर चरफडायची. अखेर पडद्यावर कडं टिकलं आणि यंत्र बांधायला घेतलं.

पहिल्या दिवशी झाकणातूनच दाणे गळले. झाकण नीट बसवून दुसऱ्यांदा चालू केलं, तेव्हा काकू सरांना हाताला धरून घेऊन आल्या होत्या. काय दिसतंय, सरांनी विचारलं. भिंगरीने काकूंनाच काचेपुढे सरकवलं.

काकूंनी पदराने काच पुसली आणि आत डोकावून पाहिलं. जन्मभर त्या सरांच्या यंत्राला सवत म्हणत आल्या होत्या.

"अहो, फिरतायत. भिंतीला अगदी धरून आहेत."

"सगळीकडे सारखे?"

काकूंनी वाकून नीट पाहिलं. "कडं खाली जरा जाड आहे."

"तेवढं चालतं," सर म्हणाले, आणि त्यांनी तिथेच एक खुर्ची मागितली.