थर्मासमधला हिमालय

आई निजामपुऱ्याजवळच्या मराठी शाळेत चौथीला शिकवायची आणि त्या वर्षी तिच्या वर्गात मीही होते. घरी आई आणि शाळेत बाई, हे मला जमायचं. तिला मात्र शाळेत मी दिसतच नसे. माझा हात वर असला की हटकून दुसऱ्याच कुणाला तरी विचारायची.

हिमालयाचा धडा चालू होता. पहिल्या बाकावरची मुलगी उठून म्हणाली, "बाई, त्यो बरफ आन आमचे गाडीवरचा बरफ येकच काय?" तिचे वडील खाडीची मासळी हातगाडीवर विकायचे, त्यामुळे बर्फाच्या बाबतीत वर्गात तिचा शब्द शेवटचा. आईने सांगितलं, तो वेगळा, भुरभुरीत, पिंजलेल्या कापसासारखा असतो.

"तुमी बगलाव?"

आईला खोटं बोलता येत नसे. "नाही," ती म्हणाली, "पण जानेवारीत आम्ही जाणार आहोत. तुमच्यासाठी घेऊन येईन."

झालं! बोलून बसली. सगळा वर्ग बाकं वाजवायला लागला, एक मी सोडून. बाईंनी बर्फ आणला नाही, तर बाईंची मुलगी म्हणून चौथी संपेपर्यंत ऐकून कोण घेणार होतं? मीच.

बाबा सरकारी कचेरीत कारकून होते. प्रवासाच्या सवलतीवर त्यांनी गढवालातलं स्कीइंगचं एक मोठं ठिकाण निवडलं होतं, कारण माहितीपत्रकात 'सर्व सुखसोयी' असं छापलं होतं. बाबांचा सुखसोयींवर फार जीव. रोपवेच्या डब्यातून वर जाताना खाली देवदार, समोर चकचकीत शिखरं आणि आमचे बाबा दाराची कडी नीट लागते का ते बघत होते. वरचं हॉटेल आमच्या शाळेहून मोठं होतं. त्यांनी आधी नळाला गरम पाणी येतं का ते पाहिलं, मग जेवणघर, मग शेकोटीची खोली, मग डॉक्टरची खोली. स्कीचे बूट भाड्याने देणाऱ्या दालनात तर ते अर्धी सकाळ रमले. मापाप्रमाणे लावलेल्या बुटांच्या रांगा बघून म्हणाले, "याला म्हणतात व्यवस्था!"

आणि आई? आई साडीवर भाड्याचा कोट, डोक्याला माकडटोपी अशा अवतारात उतारावर फतकल मारून बसली होती. बर्फ ओंजळीत घ्यायची, सोडायची, परत घ्यायची. तिला इतकं खुश मी कधीच पाहिलं नव्हतं. शिकवणारा दादा ओरडत होता, "घुटना मोडो, साब, घुटना!" साब म्हणजे बाबा. साबांनी गुडघा सोडून बाकी सगळं मोडायची तयारी दाखवली आणि बसल्या बसल्या थेट उताराच्या तळाशी पोचले. डॉक्टरच्या खोलीत त्यांना मलम आणि आल्याचा चहा मिळाला. लंगडत बाहेर आले ते म्हणतच, "सोय उत्तम आहे हो."

निघायच्या सकाळी आईने चहाचा थर्मास घासूनपुसून त्यात बर्फ ठासून भरला. "सकाळचा चहा संध्याकाळपर्यंत गरम राहतो, मग बर्फ का नाही राहणार?" असं तिचं शास्त्र. जीप, बस, आगगाडी, सगळीकडे थर्मास मफलरमध्ये गुंडाळून तिच्या मांडीवर. उघडायला सक्त मनाई. दिल्लीच्या पुढे आतून डुचमळल्याचा आवाज यायला लागला. मी बाबांकडे पाहिलं, बाबांनी खिडकीबाहेर पाहिलं.

घरी पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी वर्गात मागची मुलं बाकांवर उभी राहिली. आईने टेबलावर ताट ठेवलं आणि थर्मास उपडा केला. खडखड करत बर्फाचे खडे पडले. आईचा चेहरा फुलला, आणि लगेच गोंधळला. पहिल्या बाकावरची मुलगी पुढे वाकली.

"बाई, यो त आमचे गाडीवरचा! भुसा बगा ना, चिकटलाय!"

खरंच होता. तिच्या वडिलांना बर्फ देणारा नाक्यावरचा बर्फवाला लादी विरघळू नये म्हणून ती लाकडाच्या भुशात ठेवायचा. वर्ग खो खो हसला. आई क्षणभर लालबुंद झाली आणि मग तीही हसली. "माझा वाटेत वितळला," ती म्हणाली. "हा आमच्या घरच्यांचा पराक्रम आहे. तुमची बाई हरली."

घरी मात्र ती हसली नाही. बाबा चाचरत म्हणाले, "तू सगळ्यांसमोर रडशील असं वाटलं गं. म्हणून पहाटेच नाक्यावर गेलो."

"आणि माझं पाणी? मोरीत ओतलंत?"

आता बाबा दुखावले. "मोरीत? हिमालयाचं पाणी?" त्यांनी देव्हाऱ्याकडे बोट दाखवलं. गंगाजलाच्या गडूशेजारी तांब्याचा आणखी एक गडू होता. झाकण लावलेला, वर तुळशीचं पान ठेवलेला. आईने झाकण उघडून आत पाहिलं. मग पदराने डोळे पुसत आत गेली आणि त्या संध्याकाळी बाबांना त्यांच्या आवडीची कांदाभजी मिळाली.

दुसऱ्या दिवशी गडू आणि पळी शाळेत. आईने सगळं खरं खरं सांगितलं आणि रांग लावायला लावली. कुणी काही न सांगता मुलांनी उजवा हात पुढे केला, पळीभर पाणी प्यायलं आणि ओला तळवा डोक्यावरून फिरवला. मीही घेतलं. त्या दिवशी शाळेत मी आईला दिसले, माझ्या हातावर तिने दोन पळ्या घातल्या.

मासळीवाल्याची मुलगी मुद्दाम शेवटी आली. तिने तळहातावरचं पाणी उजेडात धरून पाहिलं, हुंगलं आणि प्यायलं.

"काय गं, पटलं?" आईने विचारलं. आवाजात धाकधूक होती.

"व्हय बाई. यो खरा हाय."

"कशावरून?"

"यात भुसा न्हाय."