बास म्हणाल्यावरचा ठोसा

त्या वेळी मी चिंचवडच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो. माझा मित्र मशीन शॉपमध्ये लेथवर टर्नर. तो थेरगावचा, जुन्या शेतकरी घरातला. रोज पवनेचा पूल ओलांडून सायकलनं यायचा आणि चिंचवड गावठाणातल्या माझ्या घरून मला सोबत घेऊन पुढं जायचा. त्यानं केलेले पार्ट मी गेज लावून तपासायचो आणि चुकले तर रिजेक्ट करून परत पाठवायचो. त्यावरून दोन्ही खात्यांत कायम चेष्टा चालायची.

एका वर्षी क्रीडादिनाला बॉक्सिंग ठेवायचं ठरलं. सिक्युरिटीतले एक सुभेदार सैन्यातून निवृत्त होऊन आले होते, त्यांच्याकडे ग्लोव्ह्जचे दोन जोड होते. इन्स्पेक्शनकडून मी नाव दिलं, मशीन शॉपकडून त्यानं. दोघांनीही कधी कुणाला ठोसा मारलेला नव्हता.

"आपन काय मारामारी करनार व्हय?" तो म्हणाला. "दोन हात हलवायचे, चा प्यायचा, घरी जायचं."

सुभेदारांनी आठ दिवस पहिली पाळी सुटल्यावर आम्हाला शिकवलं. हनुवटी खाली, हात वर, श्वास सोडत मारायचं. शेवटच्या दिवशी ते म्हणाले, "तुम्हाला अजून काहीही येत नाही, हे लक्षात ठेवा. हलक्या हातानं खेळा."

गुरुवारी सुट्टी असायची, त्यामुळे कॉलनीतल्या बायकापोरांसह सगळे मैदानावर जमले. दोरीच्या चौकोनात आम्ही उतरलो आणि पहिल्या काही सेकंदांतच त्याचा एक ठोसा माझ्या नाकावर बसला. जोराचा नव्हता. पण डोळ्यांत पाणी आलं, समोरचं दिसेना, आणि आठ दिवसांत शिकलेलं सगळं डोक्यातून गेलं. मागून माझ्याच खात्यातले ओरडत होते, "रिजेक्ट कर त्याला! रिजेक्ट!" लोक हसत होते. मला वाटलं, मलाच हसतायत.

मग मी नुसते हात फिरवत सुटलो. त्यानंही तेच केलं. मिनिटभरात आमचा दम संपला. ग्लोव्ह्ज इतके जड झाले की खांद्यातून हात वर येईनात. ठोसा येताना मी डोळे मिटत होतो. तोंडात रक्ताची चव होती. दमलेला माणूस इतका चिडू शकतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

तो एक पाऊल मागं सरला. हात खाली सोडले. माझ्याकडं बघत म्हणाला, "बास राव. बास."

मी पुढं होऊन मारलं. ठोसा वाकडा गेला आणि ग्लोव्हचा आतला भाग सपाट त्याच्या डाव्या कानावर बसला. तो खाली बसला. सुभेदार धावत मधे आले. टाळ्या वाजत होत्या, आणि मी हात वर केले.

कानातून थोडं रक्त आलं होतं. घरी त्याच्या आईनं कोमट तेल घातलं. डॉक्टरांकडं जाईपर्यंत कानात पू झाला. दोन-तीन महिन्यांनी कळलं, त्या कानानं आता ऐकू येणार नाही.

तो टूलच्या आवाजावरून धार गेली की नाही ते ओळखायचा. शॉपमध्ये त्याच्यासारखा कान कुणाचा नव्हता. आता तो मान वळवून उजवा कान मशीनकडं न्यायचा. नव्या फोरमननं विचारलं तेव्हा म्हणाला, "मशीनच्या आवाजानं झालंय." माझं नाव त्यानं कधीच काढलं नाही.

एका गुरुवारी दुपारी मी माफी मागायला थेरगावला गेलो. त्याच्या आईनं चहा दिला. आई आत गेल्यावर तोच आधी बोलला.

"एक इचारू? मी बास म्हनलो, ते तुला ऐकू आलं हुतं का?"

मी म्हणालो, "नाही रे. एवढा आरडाओरडा चालला होता."

त्याचा चेहरा मोकळा झाला. "मग न्हाई काय. तेवढंच मनात हुतं माझ्या."

माफी मागायची राहूनच गेली. त्यानंतर कितीतरी वर्षं आम्ही एकत्र कामाला गेलो, एकमेकांच्या लग्नात वाढलं, पोरांची बारशी केली. खरं सांगायला रोज वाट होती, रोज वेळ होता. पण ते सांगितलं असतं तर त्याचा कान परत आला नसता आणि मित्र मात्र गेला असता, असा हिशेब मी स्वतःशी करत राहिलो. तो वारला तेव्हाही त्याला तेच खरं वाटत होतं, जे मी त्याला सांगितलं होतं.