ईश्वरदासचा चुकलेला ठोका

ईश्वरदास कोष्टी म्हणजे जन्माचा संशयी माणूस. दुधात बोट बुडवून बघणारा अन् सुनेनं वाढलेल्या वरणाचा आधी वास घेणारा! गोळीबार चौकामागं त्याचं घर, घरात खड्ड्याचा माग. साठी उलटली तरी खड्ड्यात पाय सोडून लुगडी विणायचा. डोळे धाग्यावर, पण भरवसा कानावर. ठोक्याला ठोका लागत गेला की ठीक; एक जरी चुकला की कुठंतरी धागा तुटला समजायचं अन् हात थांबवायचा. बापाची ही शिकवण त्यानं जन्मभर पाळली, अन् तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली.

सत्तावन्न सालची दिवाळी झाली अन् एक दिवस माग झकास चालला असताना त्याच्या छातीतलाच ठोका चुकला. मधेच पोकळी, मग एक जोराचा धक्का. ईश्वरदासनं हात थांबवला. आत धागा तुटला, दुसरं काय! त्या दिवसापासून छातीत चुकलं की माग बंद. कुणा नवरीसाठी विणायला घेतलेलं लुगडं मागावर अर्धंच अडकलं.

मुलगा गिरिधर त्याला मनोहरराव डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी नळी लावली, नाडी धरली, जिना चढायला लावला.

"काका, हृदय धडधाकट आहे. वय वाढलं की चांगल्या निरोगी माणसाचेही ठोके मधून मधून चुकतात. खुशाल विणा."

ईश्वरदासच्या मनात पाल चुकचुकली. त्याच्या थोरल्या भावालाही कुणी डॉक्टर असंच 'खुशाल' म्हणाला होता, अन् पंधरवड्यात तिरडी बांधली! शिवाय गिरिधर मागं थांबून डॉक्टरांशी काय कुजबुजला?

घरी तर संशयाला पीकच आलं. बायको सखूबाई भातावर तूप जास्त ओतायला लागली. लेक चंद्रकला उमरेडहून न बोलावता येऊन बसली. बिचारी जावेशी भांडून आली होती, पण याला वाटलं, बापाचं शेवटचं तोंड पाहायला आली. तो मनातून पार घाबरला.

"गिरिधर, माग उखडून टाक गा," एका सकाळी तो म्हणाला. "तुमी सारे मिळून मले फसवून राहिले."

सखूबाई चरख्यावर धाग्याच्या कांड्या भरत होती, ती तरातरा उठून आली अन् आपलं मनगट नवऱ्याच्या हातात दिलं.

"धरा! माही नाडी पाहा."

ईश्वरदासनं बोटं टेकवली. ठोका, ठोका, अन् पोकळी. थोड्या वेळानं पुन्हा पोकळी. त्याच्यापेक्षा जास्तच.

"अवं! कवापासून?"

"गिरिधरच्या लग्नापासून. याच डॉक्टरले दाखवलं, त्यानं मलेही हेच सांगतलं."

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

"तुमचा सोभाव मले ठाव नाई का? माह्या हातातून चरखा काढून घेतला असता, अन् रोज तोंडाकडं पाहत बसले असते. माग तवाच बंद पडला असता."

इतकी वर्षं ही त्याच्या पाठीशी बसून कांड्या भरत होती, अन् कानाचा एवढा भरवसा असलेल्या माणसाला काही म्हणता काही ऐकू आलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

दुपारी तो खड्ड्यात उतरला. चार बोटं लुगडं विणलं अन् छातीत पुन्हा चुकलं. सवयीनं हात थांबला. मागं सखूबाईचा चरखा चालूच होता. त्यानं धोटा धाग्यांतून पलीकडे फेकला, अन् माग पुन्हा चालू झाला.