प्रसाद समजून गिळलेला पाव

माझ्या म्हाताऱ्या नवऱ्याचं तोंड जांभळं पडलं, डोळे बाहेर आले, आणि माझी थोरली जाऊ हात जोडून उभी राहिली. मी त्याच्या पाठीत बुक्की घातली तर तिनं माझाच हात धरला. "तोंडात प्रसाद हाय त्यांच्या. काहून मारून राहिलीस?"

प्रसाद कसला? गोड पाव होता. आमच्या अंगणातल्या खोलीत नर्सबाई भाड्यानं राहतात. त्या ख्रिस्ती. ईस्टरच्या आधीच्या शुक्रवारी कुकरात वाळू तापवून हे पाव भाजतात. आत दालचिनी, जायफळ, मनुके. वर मैद्याच्या पट्ट्यांचा क्रूस. दरसाल एक ताट आमच्याकडं येतं आणि आम्ही ते पाव चहात बुडवून संपवतो. आजवर कोणाला काही झालं नाही.

यंदा जाऊ बाळापूरहून आली होती. तिनं क्रूस बघितला आणि ताट देवापुढं ठेवून हळदकुंकू वाहिलं. देवाची खूण असलेली वस्तू चहात बुडवायची नाही, तुकडे करायचे नाहीत, उष्टी टाकायची नाही, असे नेम तिनं जागच्या जागी काढले. स्वतः मात्र खाल्ला नाही. तिचा उपास होता.

म्हाताऱ्याच्या तोंडात एक दात नाही. भाकरीसुद्धा दुधात कुस्करून लागते. मी म्हटलं, चहात बुडवा. तर वहिनीसमोर त्याला शौर्य चढलं. "तू गप. देवाधर्मातलं तुला काय कळतंय?" मी चौथी शिकलेली, हा सातवीत दोनदा नापास. अर्धा पाव कोरडाच कोंबला.

जावेला ढकलून मी अंगणाकडं ओरडले. नर्सबाई धावत आल्या. त्यांनी म्हाताऱ्याला पुढं वाकवलं आणि दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहातानं दणके घातले. पाचव्या दणक्याला गोळा शेणसारवणावर पडला. नवरा खोकत होता, आणि जाऊ विचारत होती की जमिनीवर पडलेला प्रसाद तुळशीत टाकायचा का.

नर्सबाई दम खात म्हणाल्या, "मावशी, प्रसाद न्हाई तो. नाश्त्याचा पाव हाय. आमी बी चहातच बुडवून खातो."

जाऊ बाळापूरला गेली. तिथं ती सांगते, प्रसादानं दीर वाचला. सांगू दे. पाठीवरचे वळ मीच शेकले, आठ दिवस.

म्हातारा जिवंत आहे.