भाकरीची कड

तिचं नाव रखमा, पण परळच्या त्या चाळीत वरच्या मजल्यापासून तळापर्यंत सगळे तिला बय म्हणायचे. रत्नागिरीकडून आलेल्या घरांत आईला बयच म्हणत. ती गेली एप्रिलात, मराठी माणसाचं राज्य व्हायला थोडेच दिवस उरले असताना. त्या राज्यासाठी जिनं धाकटा मुलगा घालवला, तिला एवढीशीही कळ काढता येऊ नये, याचं तिच्या सुनेला, रमाबाईला, फार वाईट वाटलं. सासूवर रागावायची सवय नव्हती, म्हणून ती नशिबावर रागावली.

बय लग्न होऊन मुंबईत आली तेव्हा तिला गावाकडच्या शिव्या आणि तांदळाची भाकरी या दोनच गोष्टी नीट येत होत्या, असं ती स्वतःच सांगायची. नवऱ्यानं लवकर डोळे मिटले. मग तिनं गिरणीत झाडू हातात घेतला आणि दोन पोरं वाढवली. केसांत, कानांत कापसाची कुसं घेऊन ती घरी यायची. गिरणीत तिला वरून पाणी वाढायचे, ओंजळीत. त्याबद्दल ती कधी रडली नाही, पण चाळीच्या नळावर तिच्या हंड्याला कुणी मागे सारलं तर त्याची सात पिढ्यांची खबर घ्यायची. नळावर फटकळ आणि बाळंतिणीच्या खोलीत मऊ, अशी तिची तऱ्हा होती. चाळीतली निम्मी पोरं तिच्या पायांवर न्हाऊन मोठी झाली, आणि शेवटी तिची नात कमल.

संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलं तेव्हा बय म्हातारी झाली होती. पोलिसांनी अश्रुधूर सोडला की ती गॅलरीतून बादल्या खाली सोडायची आणि पोरांचे डोळे धुवायची. एकदा जिन्यात एक हवालदारही डोळे चोळत बसला होता. बायकांनी नाकं मुरडली. बयनं त्याच्याही तोंडावर पाण्याचे हबके मारले आणि वर त्याला, आईला काय सांगून घरातून निघतोस, असं विचारलं.

मग छप्पन सालचा जानेवारी आला. थोरला आनंदा, रमाबाईचा नवरा, गिरणीच्या रिंग खात्यात, सूतकताईवर, कामाला होता आणि समितीच्या कामात आकंठ बुडालेला होता. त्या दिवशी त्यानं धाकट्या भावाला, वसंताला, निरोप देऊन जवळच पोयबावडीच्या नाक्यावर धाडलं. तिथे गोळीबार झाला. वसंता परत आला नाही. त्याचं प्रेतही पोलिसांनी घरी आणू दिलं नाही, परस्पर उरकलं. आनंदानं कितीतरी दिवस अन्नाला हात लावला नाही. कोण कुठे गेलं आणि कुणी धाडलं, हे त्या खोलीत पुन्हा कुणी काढायचं नाही, असं बयनं न सांगताच ठरवून टाकलं.

त्याच वर्षाच्या अखेरीस दादरच्या चौपाटीवर, बाबासाहेबांच्या निरोपाला लोटलेल्या त्या अफाट गर्दीत, बयनं मुलासुनेबरोबर दीक्षा घेतली. घरी येऊन तिनं देव्हाऱ्यातले टाक पदरात बांधले आणि स्वतः जाऊन समुद्रात सोडले. तुमच्यापायी किती वर्षं उपास केले, आता तुम्ही पोहा, असं म्हणाली. उपास गेले, नवस गेले, अंगारा गेला. आनंदा तिचं उदाहरण चाळीत अभिमानानं सांगायचा.

एक गोष्ट मात्र गेली नाही. रोज सकाळी तव्यावरून पहिली भाकरी उतरली की बय तिची करपलेली कड मोडायची आणि गॅलरीच्या कठड्यावर ठेवायची. कावळे ठरल्यासारखे यायचे. वसंता गेल्यापासून हे सुरू होतं. दीक्षेनंतर मात्र ते लोकांच्या डोळ्यांवर आलं. श्राद्ध, पिंड सगळं सोडलं म्हणता, आणि आनंदाच्याच दारात कावळा शिवतो, असं आनंदाच्या बौद्ध मंडळातले लोक चेष्टेत म्हणू लागले. आनंदाला ते लागायचं.

एकदा त्यानं विचारलंच, "बय, हा घास कुणाच्या नावानं?"

"कावळ्याच्या," बय म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी कड पुन्हा कठड्यावर होती. त्यावरून एका संध्याकाळी खोलीत मंडळाची माणसं बसलेली असताना पुन्हा थट्टा झाली, तेव्हा आनंदा ओशाळून हसला आणि म्हणाला, आमची बय अडाणी आहे, तिचं मनावर घेऊ नका. बय कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. रमाबाईला मात्र ते सहन झालं नाही. माणसं गेल्यावर तिनं सासूला खोदून खोदून विचारलं.

वसंता लहानपणापासून भाकरीची करपलेली कड खायचा नाही. आनंदा पहिल्या पाळीला गेला की धाकटा न्याहारीला बसायचा, कड मोडायचा आणि कावळ्याला घालायचा. अन्न टाकतोस म्हणून बय त्याला रोज चार शब्द सुनवायची. तो गेल्यावर दुसऱ्या सकाळी कावळा नेहमीच्या वेळेला येऊन कठड्यावर बसला आणि ओरडायला लागला. बयनं कड मोडून त्याच्यापुढे ठेवली, तेवढंच.

"आनंदाला बोलू नको," बय म्हणाली. "तेनं धाडला व्हता त्येला. ह्ये नाव काडलं की परत तेच्या काळजात जाईल. माजं काय, मला अडाणी म्हनू दे."

रमाबाईनं ते पोटात ठेवलं. बय थकली, अंथरुणाला खिळली, तेव्हा भाकरी थापायला सून आली, पण कड मोडायला बय हात पुढे करायची. शेवटच्या दिवसांतही कड तीच मोडायची.

ती गेल्यावर आनंदानं सांगितलं की आता कठड्यावर काही ठेवायचं नाही. लोक म्हणतील, आईचा पिंड घालतात. रमाबाईनं ऐकलं. पण कावळे कुठे ऐकतात? ते रोज यायचे आणि रिकाम्या कठड्यावर बसून गलका करायचे. ती आत चुलीपाशी मोडलेली कड हातात धरून बसायची. सासूला दिलेला शब्द एकीकडे आणि ते ओरडणं एकीकडे. तिचा जीव मेटाकुटीला आला.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी खोली माणसांनी भरली होती. वंदना झाली, मंडळातले दोघे बयबद्दल चार शब्द बोलले. गावाहून बयचा भाऊ सीताराममामा आला होता. तो जुन्या वळणाचा. सगळं आटोपल्यावर त्यानं हळूच पानावर भात वाढून घेतला आणि गॅलरीकडे निघाला. कावळे बसलेलेच होते. बघा, माझ्या बहिणीचा जीव कशात तरी अडकलाय, उगाच का हे रोज येतात, असं म्हणताना त्याचे डोळे भरून आले. मंडळातले लोक एकमेकांकडे बघू लागले. आनंदानं मामाच्या हातातलं पान सावकाश काढून घेतलं, बाजूला ठेवलं आणि कोपऱ्यातली काठी घेऊन कावळे हाकलायला गॅलरीत गेला.

रमाबाई उठली. एवढ्या पुरुषमाणसांत ती कधी तोंड उघडत नसे. तिनं नवऱ्याचा हात धरला.

"नका हाकलू. तो बयचा घास नाय. भावजींचा हाय. भाकरीची कड त्येच घालायचे कावळ्याला."

आनंदा तसाच उभा राहिला. त्याला एक रविवार आठवला असावा, कारण त्याचं तोंड बदललं. पाळीला सुट्टी, घरात न्याहारी, धाकटा गॅलरीत, आणि आतून बयचा आवाज, अन्न टाकतोस मेल्या. त्यानं काठी भिंतीला टेकवली. मामानं पान पुन्हा उचललं नाही. माणसं हळूहळू जिना उतरून गेली.

बयनं हे आपल्याला का सांगितलं नाही, असं आनंदा विचारेल म्हणून रमाबाई रात्रभर जीव मुठीत धरून होती. त्यानं विचारलं नाही. ते त्याला न विचारताच कळलं होतं.

सकाळी तो पाळीला जायला निघाला तेव्हा पहिली भाकरी तव्यावरून उतरत होती. त्यानं ती ताटात घेतली, हात भाजत असताना कड मोडली आणि गॅलरीत गेला. कावळा आला, कड घेऊन उडाला. आनंदा मात्र तिथेच उभा होता. भोंगा झाला तसा तो भानावर आला आणि डबा घ्यायला आत आला.

"चार माणसांत तिला मी अडाणी म्हणालो," तो म्हणाला, "आणि ती तांदूळ निवडत बसली."

रमाबाईनं डबा त्याच्या हातात दिला. त्या दिवशी त्याला पाळीला उशीर झाला.