चांगुणाचा आवाज गाळणारं इंजिन

व्हिडिओ चालतोय, चित्र स्वच्छ आहे, पण चांगुणाचा आवाज कुठेच नाही, असं नलिनीताईंनी कशेळ्याहून फोनवर सांगितलं. मी म्हटलं, फोनचा आवाज वाढवून बघा. त्या म्हणाल्या, "आवाज आहे गं वीणा. पुण्याच्या निवेदिकेचा आहे. चांगुणाचा नाही."

मी भिसेगावात घरीच दुसऱ्या एका क्लायंटच्या कामात होते. ते बाजूला ठेवलं.

माझं काम आधी सांगते. मी व्हिडिओसाठी प्रोग्रॅम लिहिते. शूटिंग करत नाही, एडिटिंगही नाही. एडिट झालेला व्हिडिओ फार जड असतो. तो हलका करायचा, साध्या फोनवरही चालेल अशा रूपात बदलायचा आणि वेबसाइटवर किंवा अॅपवर चढवायचा, हे सगळं आपोआप करणारी यंत्रणा मी बांधते. यातलं खरं अवघड काम जगभरच्या प्रोग्रॅमर लोकांनी लिहून ठेवलेल्या लायब्ररी करतात. लायब्ररी म्हणजे तयार कोड, जो आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडता येतो. व्हिडिओच्या बहुतेक चांगल्या लायब्ररी ओपन सोर्स आहेत. त्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो. वापरा, बदला, त्यावर धंदा करा, कुणी अडवत नाही. अटी असतात, पण पहिली अट कुणालाही पाळता येईल इतकी साधी असते. जे वापरलं ते वापरलं म्हणून सांगायचं.

नलिनीताई कशेळ्याला एक संस्था चालवतात. डोंगराच्या पायथ्याच्या वाड्यांमध्ये आरोग्याचं काम करतात. शूटिंग-एडिटिंग करणारे काही जण आणि मी, आम्ही मिळून त्यांच्यासाठी छोटे व्हिडिओ केले होते. साप चावला तर काय करायचं, बाळाला जुलाब झाले तर काय द्यायचं, टीबीच्या गोळ्या मध्येच का सोडायच्या नाहीत, असे विषय. निवेदन डॉक्टरांनी लिहिलं आणि पुण्याच्या एका बाईंनी वाचलं. उच्चार सुरेख, पण भाषा पुस्तकी. "दंश झालेल्या अवयवाची हालचाल टाळावी" असं. वाडीवरच्या म्हाताऱ्या बायकांना त्यातलं निम्मंही कळेना. म्हणून नलिनीताईंनी चांगुणाला बोलावलं.

चांगुणा एका ठाकूरवाडीतली, म्हणजे ठाकूर आदिवासींच्या वस्तीतली. शेतीच्या दिवसांत शेतावर, एरवी मिळेल त्या मजुरीवर. संस्थेच्या बैठकांना यायची आणि बोलायला कचरायची नाही. तिला आम्ही प्रत्येक वाक्याचा अर्थ सांगायचो आणि ती ते तिच्या वाडीच्या बोलीत म्हणायची. संस्थेच्या खोलीत खिडक्यांना गोधड्या लावून रेकॉर्डिंग केलं. एखादं वाक्य मनासारखं झालं नाही तर ती स्वतःच थांबायची, बाहेर जाऊन पाणी पिऊन यायची आणि पुन्हा बोलायची. सापाच्या व्हिडिओत "पळू नको, पळवू नको, उचलून जीपमध्ये घाल" असा जो भाग होता, तो तिने इतक्या कळकळीने म्हटला की पुन्हा घ्यावाच लागला नाही.

एका व्हिडिओ फाइलमध्ये दोन आवाज ठेवता येतात. त्यांना ऑडिओ ट्रॅक म्हणतात. टीव्हीवर सिनेमाची भाषा बदलता येते ती यामुळेच. आमच्या प्रत्येक फाइलमध्ये पहिला ट्रॅक पुण्याच्या बाईंचा होता आणि दुसरा चांगुणाचा.

पुढे मोहोपाड्याच्या बाजूच्या एका कारखान्याने सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्यासाठी ठेवलेल्या निधीतून, या व्हिडिओंचं अॅप करायचं ठरवलं. अॅपचं काम त्यांनी मुंबईच्या एका कंपनीला दिलं. मला विचारलं नाही, त्याबद्दल तक्रार नाही. आम्ही फाइली दिल्या, दोन ट्रॅक आहेत हे लिहून कळवलं, अॅपचं उद्घाटन झालं, हारतुरे झाले. त्यानंतर हा फोन.

दुसऱ्या दिवशी मी कशेळ्याला गेले. चांगुणा आली होती. अॅप आल्याचं कळल्यावर तिने वाडीतल्या बायकांना अंगणवाडीत जमवलं होतं. आपला आवाज ऐकवते म्हणून. सेविकेने फोन लावला आणि आवाज आला तो दुसऱ्याच बाईचा. पुन्हा लावला, पुन्हा तोच. बायका हसल्या. तिची जाऊ म्हणाली, तुझं बोलणं त्यांना आवडलं नसेल, म्हणून काढून टाकलं असेल.

हे सगळं तिने शांतपणे सांगितलं. मग मला विचारलं, "ताई, माजं बोलणं खराब झालं व्हतं काय? तसं आसंल तर तवाच सांगायचं. आमी परत बोललो आसतो."

मी म्हटलं, तुझं काही चुकलेलं नाही, मशीनमध्ये गडबड आहे. ती मान डोलावून गेली. पण तिला ते पटलं नव्हतं हे मला दिसत होतं. माझं डोकं फिरायला सुरुवात तिथे झाली.

घरी येऊन मी अॅपमधली फाइल उघडून बघितली. आत एकच ट्रॅक होता. कारण ओळखायला वेळ लागला नाही. व्हिडिओचं रूप बदलण्यासाठी जी ओपन सोर्स लायब्ररी सगळं जग वापरतं, तिला तुम्ही काही न सांगता फाइल दिली तर नव्या फाइलमध्ये ती एकच ऑडिओ ट्रॅक घेते. बाकीचे सोडून देते. एरर येत नाही. सगळे ट्रॅक हवे असतील तर कमांडमध्ये, म्हणजे तिला दिलेल्या लेखी आज्ञेत, तसं लिहावं लागतं. दोन शब्दांचं काम आहे आणि माहितीपुस्तिकेत ते स्पष्ट दिलेलं आहे. कंपनीत कुणीतरी ते वाचलं नव्हतं आणि तयार झालेली फाइल कुणी ऐकलीही नव्हती.

इथपर्यंत माझा राग साधा होता. अशी चूक कुणाकडूनही होते. मी कंपनीला मेल लिहिला. चूक कुठे आहे, ती दुरुस्त कशी करायची, कमांड कशी हवी, भाषा निवडायचं बटण अॅपमध्ये कुठे द्यायचं, सगळं लिहून दिलं. फुकट.

उत्तर आलं ते निखिल नावाच्या त्यांच्या टेक्निकल हेडचं. आमचं इंजिन, म्हणजे व्हिडिओचं रूप बदलणारा प्रोग्रॅम, पूर्णपणे आम्ही स्वतः विकसित केलेलं आहे, ते एकच ऑडिओ ट्रॅक सपोर्ट करतं, ही मर्यादा तांत्रिक आहे, त्यामुळे बाहेरच्या सूचना लागू होत नाहीत. मी ते दोनदा वाचलं. त्यांनी बनवलेल्या फाइलमध्ये त्या ओपन सोर्स लायब्ररीने आपली खूण लिहून ठेवलेली होती. प्रत्येक फाइलमध्ये ती लिहितेच. ती पुसायचंही यांना सुचलं नव्हतं. आणि अॅपमध्ये 'आमच्याविषयी' म्हणून जे पान होतं, त्यावर लिहिलं होतं की सगळं तंत्रज्ञान त्यांच्याच टीमचं.

नलिनीताईंनी कारखान्याच्या सीएसआर अधिकाऱ्यांना, करमरकर साहेबांना, फोन करून बैठक मागितली. मोहोपाड्याच्या ऑफिसात आम्ही दोघी, करमरकर आणि निखिल असे बसलो. निखिल तिशीतला, बोलायला गोड. त्याने आधी स्लाइड दाखवल्या. मी त्या संपू दिल्या. मग माझ्या लॅपटॉपवर सापाचा व्हिडिओ घेतला, कमांडमध्ये ट्रॅकबद्दल काही न लिहिता तो त्या लायब्ररीतून काढला आणि करमरकरांना ऐकवला. चांगुणा गायब. मग कमांडमध्ये ते दोन शब्द घातले आणि पुन्हा काढला. प्लेअरमध्ये ट्रॅक बदलला. चांगुणा बोलायला लागली.

"ही यांच्या इंजिनची मर्यादा," मी म्हटलं. "आणि हे यांचं इंजिन नाही."

निखिल थोडा लाल झाला. पण माघार घेतली नाही. सगळेच लोक ओपन सोर्स वापरतात, त्यात विशेष काय, असं म्हणाला. मी म्हटलं, वापरण्यात काहीच नाही, मीही त्यावरच जगते. वापरून लपवायचं आणि लपवलेलं सांभाळायला दुसऱ्याचा आवाज मारायचा, यात आहे. त्यावर त्याने मुद्दा बदलला. वाड्यांमध्ये आता सगळ्यांना मराठी कळतं, दुसऱ्या ट्रॅकची खरी गरज आहे का, असं विचारलं.

नलिनीताई खुर्ची पुढे ओढून बसल्या. त्यांनी करमरकरांना विचारलं, "साहेब, 'दंशस्थानाच्या वर आवळबंध बांधू नये' हे तुमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंना एकदा ऐकवाल का? आणि त्या काय समजल्या ते मला सांगाल?"

करमरकर समोरचे कागद चाळू लागले. माणूस वाईट नव्हता. त्यांना भांडण नको होतं, एवढंच. मग निखिलने तोडगा सुचवला. बोलीतले व्हिडिओ वेगळे करून अॅपमध्ये 'लोकसंस्कृती' असा जो विभाग आहे, तिथे टाकू. तिथे तारपावादन आहे, नाच आहे, वारली चित्रं आहेत. छान दिसेल, म्हणाला.

साप चावलेल्या माणसाला कसं वाचवायचं ते एक बाई सांगते आहे, आणि केवळ ती तिच्या बोलीत सांगते म्हणून ते नाचाशेजारी ठेवायचं. पुण्याच्या बाईंनी सांगितलं की ते आरोग्य, चांगुणाने सांगितलं की ती लोककला. मी हे असंच बोलून दाखवलं. आवाज चढला होता माझा. नलिनीताईंनी माझ्या हातावर हात ठेवला.

करमरकर म्हणाले, दिवाळीनंतर अॅपची पुढची आवृत्ती येते आहे, त्यात बघू. नलिनीताई म्हणाल्या, साप दिवाळीची वाट बघत नाहीत. आणि अगदी हळू आवाजात पुढचं वाक्य बोलल्या. "व्हिडिओ संस्थेचे आहेत. अॅपमधून काढून घ्या. आजच."

त्या अॅपमध्ये आरोग्याचा एकही व्हिडिओ दुसऱ्या कुणाचा नव्हता. करमरकर दचकले. थांबा, बोलू, म्हणाले. आम्ही थांबलो नाही. परतताना चौकात चहा घेतला तेव्हा नलिनीताईंनी विचारलं, आता दाखवायचे कसे? तोवर मी त्याचा विचार केलेला नव्हता.

व्हिडिओ प्रसिद्ध करण्यासाठी ओपन सोर्समध्ये तयार सॉफ्टवेअर मिळतं. आपल्या सर्व्हरवर ते बसवायचं, व्हिडिओ चढवायचे, बाकीचं ते बघतं. मी एक छोटा सर्व्हर घेतला. भाषेचं बटण त्यात होतं, पण बारीक आणि इंग्रजीत. ते बदलून व्हिडिओ सुरू होण्याआधीच दोन मोठे चौकोन दिसतील असं केलं. चौकोनावर अक्षरं नाहीत, बोट लावलं की त्या त्या आवाजातलं एक वाक्य ऐकू येतं. हा बदल मी त्या सॉफ्टवेअरच्या मूळ लेखकांना पाठवला. त्यांनी तो घेतला आणि हातभार लावणाऱ्यांच्या यादीत माझं नाव घातलं. मी मागितलं नव्हतं. त्या जगाची ती साधी रीत आहे. ज्या वाड्यांवर रेंज नाही तिथल्यासाठी तेच व्हिडिओ मेमरी कार्डात भरून सेविकांना दिले. प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी कुणाकुणाचं काय वापरलं ते लिहिलं, आणि आवाज कुणाचे तेही, दोघींची नावं सारख्याच अक्षरांत.

चांगुणाच्या वाडीत मी स्वतः गेले. बायका पुन्हा जमल्या होत्या, या वेळी जरा कुरकुरत. सापाचा व्हिडिओ लावला. पहिल्या वाक्यालाच कुजबुज थांबली. तिच्या सासूने तो संपल्यावर परत लावायला सांगितला आणि मग शेजारणीला समजावू लागली की दोरी का बांधायची नाही. चांगुणा मागे भिंतीला टेकून उभी होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "बराय, ताई. आता त्या हसणार नाय." आणि जाऊबाईंना चहा टाकायला सांगितला.

त्या पावसाळ्यात शेजारच्या वाडीतल्या एका माणसाला भातखाचरात साप चावला. घरच्यांनी दोरी बांधली नाही, त्याला चालवलं नाही, उचलून जीपमध्ये घातलं. तो वाचला. व्हिडिओमुळेच वाचला असं मी म्हणणार नाही, ते मला माहीत नाही. त्याच्या बायकोने व्हिडिओ बघितला होता, इतकं माहीत आहे.

कंपनीनेही दिवाळीनंतर आपलं इंजिन सुधारलं. करमरकरांनी व्हिडिओ परत मागितले. कुणाचा कोड वापरला ते 'आमच्याविषयी'च्या पानावर लिहा आणि दोन्ही आवाज आरोग्याच्याच विभागात ठेवा, या अटींवर नलिनीताईंनी ते दिले. दोन्ही अटी पाळल्या गेल्या. श्रेयाचं पान शोधायला मात्र बरंच खाली जावं लागतं. वर, ठळक अक्षरांत, नव्या सुविधेची जाहिरात आहे. बोलीभाषांना सन्मान देणारं आमचं बहुभाषिक तंत्रज्ञान. त्यासाठी एक कार्यक्रमही झाला. मला आमंत्रण होतं, मी गेले नाही.

चीड अजून गेलेली नाही, आणि ती जावी असं मला वाटतही नाही. कामाच्या पद्धतीत फक्त एक बदल केला. व्हिडिओ प्रसिद्ध झाल्याचा संदेश स्क्रीनवर आला की पूर्वी मी लॅपटॉप मिटायची. आता ज्यांच्यासाठी तो केला त्यांच्यापैकी कुणालातरी फोन लावते आणि काय ऐकू आलं ते विचारते. क्लायंट म्हणतात, मॅडम, यात वेळ फार जातो. जातो.